संगणकाचा उन्हाळा

सिद्धेश्वर धरणाचे पाणी जवळ असले, तरी वैशाखातील दुपार आपल्या भागात कोणालाच सोडत नाही. पारा चाळिशीपार गेला की शाळा-कार्यालयांतील संगणक मंदावतात, काही आपोआप बंद पडतात. दोष व्हायरसला दिला जातो आणि पालक नव्या यंत्राच्या खर्चाच्या चिंतेत पडतात. वस्तुतः पुष्कळदा दुखणे उष्णतेचे असते.

प्रोसेसर म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावरील अब्जावधी ट्रान्झिस्टरांची रचना. टेबलावरच्या साध्या संगणकाचा प्रोसेसर कामाच्या भरात सुमारे 65 वॅट वीज घेतो आणि ती जवळजवळ सर्व उष्णतेत रूपांतरित होते. जुन्या 60 वॅटच्या दिव्याला ज्यांचा हात लागला आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. तापमान 100 अंशांच्या आसपास पोहोचले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवितो. तरीही ताप वाढत गेल्यास यंत्र बंद होते.

ही उष्णता थर्मल पेस्टच्या पातळ थरातून ॲल्युमिनियमच्या वा तांब्याच्या पात्यांच्या हीट सिंकमध्ये जाते आणि पंखा ती हवेत सोडतो. पंखा गारवा निर्माण करीत नाही, उष्णता वाहून नेतो. म्हणून खोलीतील हवा 42 अंशांची असेल, तर पंख्याने प्रोसेसर त्याखाली कधीच येणार नाही.

अनेक लॅपटॉपमध्ये तर आपल्या माठाचेच तत्त्व वापरलेले असते. तांब्याच्या बंद नळीत किंचित पाणी असते. प्रोसेसरकडील टोकाला त्याची वाफ होते; ती उष्णता घेऊन दुसऱ्या टोकाला जाते व तेथे पुन्हा पाणी होते. माठातले पाणी झिरपून उडून जाते, नळीतले फिरत राहते, एवढाच भेद.

1988 साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने 1991 मध्ये परम 8000 हा महासंगणक घडविला. पुण्याच्याच आयसर संस्थेत 2019 साली बसविलेल्या परम ब्रह्ममध्ये प्रोसेसरला लगटून द्रव खेळविला जातो. कारण तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजारांहून अधिक पट उष्णता सामावून घेते.

आपल्याला एवढा खटाटोप नको. आपला खरा शत्रू धूळ. सोयाबीनची मळणी आणि हळदीचे पॉलिश चालू असताना ती हीट सिंकच्या पात्यांत नमद्यासारखी बसते. वीजजोड काढून, पंखा बोटाने धरून, मऊ ब्रशने ती दर तीन महिन्यांनी काढावी. काही वर्षांनी वाळलेली पेस्ट पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी लावावी. यंत्र भिंतीपासून वीतभर दूर असावे. कूलरचा झोत मात्र थेट यंत्रावर नको. ओलसर हवेत धुळीचा चिखल होतो. वसतिगृहात गोधडीवर लॅपटॉप ठेवला की त्याची खालची जाळी बुजते. तेव्हा खाली एखादी फळी ठेवावी.