बाळाचा विचार आहे? आधी प्रसाधनांच्या कप्प्याचा हिशेब करा

मूल हवे असे ठरले की नातेवाईक उपाय सांगू लागतात आणि मोबाइलवर ‘केमिकल-फ्री’ संचांच्या जाहिराती दिसू लागतात. संच घेऊ नका. लागणारे बहुतेक सामान वाण्याकडे मिळते. दोघांचा पहिल्या महिन्याचा खर्च सातशे ते हजार रुपयांत बसतो. आणि निम्मे काम काही न बनवता, नुसत्या वस्तू वगळून होते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. उटणे लावून गर्भ राहत नाही. कमी होतो तो काही रसायनांशी रोज येणारा संबंध. थॅलेट, पॅराबेन, ट्रायक्लोसान यांच्यावर हार्मोनच्या कामात ढवळाढवळ केल्याचा संशय आहे. शिसे आणि पारा यांच्या बाबतीत संशयाला जागाच नाही, ते घातकच. म्हणून आधी काय काढायचे ते बघा, काय बनवायचे ते नंतर.

आजच काय काढायचे

गोरेपणाचे बिनलेबलाचे क्रीम. पार्लरमधून डबीत भरून मिळालेले, परदेशातून ‘कुणीतरी आणलेले’, घटकांची यादी नसलेले. भारतात पारा घालून त्वचेचे क्रीम बनवायला बंदी आहे, तरी ती मिळतात. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडे बिघडल्याची बातमी 2023 मध्ये आली. मूळ निघाले ब्युटिशियनने दिलेल्या क्रीममधल्या पाऱ्यात. लेबलवर मर्क्युरी किंवा कॅलोमेल दिसले, अथवा ‘सोन्याचांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असली, तर ते क्रीम वापरू नका. पारा आईकडून गर्भापर्यंत पोचतो. असे क्रीम काही महिने लावले असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा, लाजू नका.

सुरमा आणि सुटे काजळ. पारंपरिक सुरमा म्हणजे शिशाचेच खनिज. दिव्यावर धरलेले घरचे काजळही डोळ्यात घालू नका, ती काजळीच असते. इथे घरगुती पर्याय नाही. वगळा, नाहीतर पूर्ण लेबल असलेली पेन्सिल घ्या.

सुगंधी वस्तूंचा थर. साबण, पावडर, डिओ, परफ्यूम, लोशन असे पाच वास रोज अंगावर चढतात. लेबलवर ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ एवढा एकच शब्द असतो, त्यात काय काय आहे ते लिहिलेले नसते. थॅलेट बहुधा तिथेच लपतात. पाचांतले चार वास कमी करा. खर्च शून्य, उलट बचत.

जंतुनाशक साबण. ट्रायक्लोसान किंवा ट्रायक्लोकार्बन लिहिले असेल तर नको. घरात हात धुवायला साधा साबण पुरतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्ये ही दोन्ही रसायने साध्या हात-अंग धुण्याच्या जंतुनाशक साबणांतून हद्दपार केली.

केस सरळ करण्याच्या ‘केराटिन’सारख्या ट्रीटमेंट पुढे ढकला. त्यांतल्या काहींमधून तापवताना फॉर्मल्डिहाइडची वाफ निघते.

घरी काय करायचे, कितीला पडते

दर दुकानागणिक बदलतात. खालचे आकडे बजेट ठरवण्यापुरते.

फेसवॉशऐवजी डाळीचे पीठ. किलो शंभर ते एकशेवीस रुपये. एका वेळी दोन चमचे, म्हणजे खर्च दीड-दोन रुपये. त्वचा कोरडी असेल तर दुधात, तेलकट असेल तर पाण्यात कालवा. चोळून खरवडू नका, ओले असतानाच धुवा. छुपा खर्च: पीठ मोरीच्या जाळीत बसते. जाळीवर जुने फडके टाका, नाहीतर वाचलेले पैसे प्लंबर नेईल.

हळद घालणार असाल तर सुटी, भडक पिवळी पूड घेऊ नका. रंग खुलवायला शिशाचे क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होतात. हळकुंडे घ्या, पुसून घरीच मिक्सरला लावा.

लोशनऐवजी खोबरेल. अर्धा लिटर अडीचशे ते साडेतीनशे रुपये. बाटली उलटी करून वाचा. ‘खाद्यतेल’ लिहिलेले आणि अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक असलेले तेल घ्या. ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत सुगंध आणि खनिज तेल असू शकते. ओल्या अंगावर चमचाभर पुरते. फरशी निसरडी होते, जपा. चेहऱ्यावर मुरमे येत असतील तर चेहऱ्याला लावू नका.

डिओऐवजी तुरटी. दहा-वीस रुपयांचा खडा काही महिने पुरतो. आंघोळीनंतर खडा ओला करून काखेत फिरवा, कापलेल्या जागी नको. घाम थांबत नाही, वास कमी होतो. आणि ‘अ‍ॅल्युमिनियम-फ्री तुरटी’ म्हणून कुणी दुप्पट भाव सांगितला तर हसून पुढे जा. तुरटी हा अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे. खायचा सोडा काखेत लावू नका, आग होते.

शाम्पूऐवजी शिकेकाई. अडीचशे ग्रॅम शिकेकाई, सव्वाशे ग्रॅम रिठा, सव्वाशे ग्रॅम आवळकाठी. काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. दळणासकट दोनशे ते तीनशे रुपये. अर्ध्या किलोत वीसेक न्हाणी होतात, म्हणजे एका न्हाणीला दहा ते पंधरा रुपये. शाम्पूची पुडी एक-दोन रुपयांना येते. तेव्हा शिकेकाई स्वस्त नाही, हे आधीच धरून चाला. वेळही जातो: रात्री भिजवणे, सकाळी उकळणे, गाळणे. घाईच्या दिवशी बिनवासाचा सौम्य शाम्पू घ्या, अपराधी वाटून घेऊ नका.

दळणाची अडचण खरी आहे. आमच्या गल्लीतल्या गिरणीवाल्याने पिशवीत डोकावून लांबूनच हात जोडले. शिकेकाईची भुकटी नाकात गेली की अख्खी गिरणी शिंकते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या ज्वारीला वास लागतो. आधी फोन करून ‘शिकेकाई दळता का आणि कोणत्या वारी’ ते विचारा. घरच्या मिक्सरमध्ये करायची असेल तर रिठ्याच्या बिया आधी काढा, नाहीतर पाते जाईल. तोंडाला रुमाल बांधा, झाकण लगेच उघडू नका.

लिपबामऐवजी साजूक तूप. मॉइश्चरायझिंग जेलऐवजी कोरफड. पान कापून पंधरा मिनिटे उभे ठेवा, पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, मग गर काढा. चीक राहिला तर खाज सुटते. गर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे टाकून द्या.

नेलपॉलिशऐवजी मेंदी. पाला आणून वाटा. कोन घेतलात तर रंगाच्या वेळेवर लक्ष ठेवा. खरी मेंदी चढायला तास लागतात आणि आधी केशरी दिसते. पंधरा मिनिटांत काळी होणाऱ्या कोनात केसांच्या डायचे रसायन असते. फोड येऊ शकतात.

परफ्यूमऐवजी मोगऱ्याचा गजरा. अत्तर ‘नैसर्गिक’ म्हणून बेफिकीर घेऊ नका. स्वस्त अत्तर पातळ करायला थॅलेट वापरतात. कशात मिसळले आहे ते विचारा. दुकानदार सांगत नसेल तर घेऊ नका.

घरी काय अजिबात करायचे नाही

सनस्क्रीन. खोबरेल किंवा गाजराच्या बियांचे तेल उन्हापासून वाचवत नाही. झिंक ऑक्साइडचे विकत घ्या, ऑक्सिबेन्झोन ऊर्फ बेन्झोफेनोन-3 असलेले टाळा. त्याचे चार-सातशे रुपये वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. छत्री आणि पूर्ण बाह्या फुकट.

टूथपेस्ट. फ्लोराइड सोडून कोळसा किंवा मीठ घासू नका. दाताचे दुखणे गरोदरपणात निघाले तर जास्त त्रास.

चेहऱ्यावर लिंबू. लावून उन्हात गेलात तर डाग पडतात आणि डागांचा डॉक्टर लिंबाइतका स्वस्त नसतो.

योनिमार्ग धुण्याची द्रावणे, घरची किंवा दारची. बाहेरून साधे पाणी पुरते. संबंधाच्या वेळी थुंकी किंवा स्वयंपाकघरातले तेल वंगण म्हणून वापरू नका, शुक्रजंतूंची हालचाल मंदावू शकते. गरज पडली तर शुक्रजंतूंना बाधत नाही असे लिहिलेले जेल औषधाच्या दुकानात मागा.

पाण्यात कालवलेले काहीही साठवू नका. बाजारच्या मालात पॅराबेन असते ते बुरशी रोखायला. तुमच्या बाटलीत ते नाही, म्हणून कोरडी पूड महिनाभर, ओले मिश्रण त्याच दिवशी. हा नियम मोडून झालेली डोळ्याची लागण कुठल्याही रसायनापेक्षा महाग पडते.

आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या, चेहऱ्यावरचे ट्रेटिनोइन किंवा रेटिनॉल चालू असेल तर गर्भधारणेचा प्रयत्न सुरू करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. आयसोट्रेटिनोइन बंद केल्यावर निदान महिनाभर गर्भ राहू द्यायचा नसतो. उटणे-लेपाच्या नादात हाच मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो.

किती दिवसांत फरक पडतो

थॅलेट आणि पॅराबेन शरीरातून एक-दोन दिवसांत बरेचसे बाहेर पडतात. कॅलिफोर्नियात 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शंभर मुलींनी तीनच दिवस वेगळी प्रसाधने वापरली. लघवीतले मिथाइल पॅराबेन 44 टक्क्यांनी, ट्रायक्लोसान 36 टक्क्यांनी उतरले. पण दुसरी दोन पॅराबेन वाढली. म्हणून लेबल बदलले एवढ्यावर निश्चिंत होऊ नका.

शुक्रजंतू तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. त्यामुळे बदल करायचा तर निदान तीन महिने, आणि दोघांनी. नवऱ्याचा डिओ, आफ्टरशेव्ह, केसांचे जेल तसेच ठेवून बायकोने एकटीने शिकेकाई उकळत बसण्यात अर्थ नाही.

कुठे फसाल

‘फर्टिलिटी सेफ’ हा जाहिरातीचा शब्द आहे, सरकारी शिक्का नाही. वंध्यत्व बरे करण्याचा दावा करणारे तेल, लेप किंवा चूर्ण दिसले तर सरळ ओळखा: 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानुसार स्त्रियांच्या वंध्यत्वावर अशी जाहिरात करणेच बेकायदा आहे.

घरगुती म्हणून विकला जाणारा साबण किंवा उटणे घेताना तीन गोष्टी बघा: उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी. परदेशी मालावर आयात नोंदणी क्रमांक हवा. एकही नसेल तर ओळखीच्या काकूंकडूनही नको. घरगुती प्रसाधने शिकवणाऱ्या कार्यशाळेची फी भरण्याआधी किट वेगळे घ्यावे लागते का ते विचारा; बहुतेक वेळा पैसे किटमध्ये असतात, आणि किटमध्ये तेच डाळीचे पीठ.

तक्रार करायची असेल तर बिल, पाकिटाचे चारी बाजूंचे फोटो, उरलेला माल आणि त्वचेला इजा झाली असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक 1800-222-365. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत आणि ऑनलाइनही करता येते, वकील सक्तीचा नाही.

वाचलेले पैसे कुठे घालायचे

सगळ्यात मोठा छुपा खर्च रुपयांत नसतो. ‘आधी सहा महिने उटणे करून बघू, मग डॉक्टर’ असे म्हणत गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत. स्त्रीचे वय 35 पेक्षा कमी असेल तर वर्षभर, जास्त असेल तर सहा महिने प्रयत्न करून गर्भ राहिला नाही तर तपासणी करा. पाळी अनियमित असेल तर तेवढेही थांबू नका.

वीर्यतपासणी खासगी प्रयोगशाळेत पाचशे ते दीड हजारांत होते, सरकारी रुग्णालयात त्याहून कमी. नमुना देण्याआधी दोन ते सात दिवस संयम पाळायचा असतो. थायरॉइडची तपासणी दोनशे ते पाचशे रुपये. फॉलिक अ‍ॅसिड रोज 400 मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या महिनाभर आधीपासून. गोळी दोन-चार रुपयांची. नेमकी मात्रा डॉक्टरांना विचारा.

तेव्हा वाण्याची यादी करताना कागदाच्या मागच्या बाजूला तपासण्यांची यादीही लिहा. तुरटी उद्या आणली तरी चालेल. प्रयोगशाळेत फोन आज करा.