वीज देणारा जीवाणू वेगळा कसा काढाल?

अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन आपल्या पेशी शेवटी ऑक्सिजनला देतात. काही जीवाणू मात्र ते पेशीबाहेरील घन पदार्थालाही देऊ शकतात. असे जीवाणू वेगळे काढण्यासाठी त्यांना बहुधा लोहाचे ऑक्साइड देऊन वाढवीत. पण ही चाळणी पुरेशी आहे का?

२००८ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील संशोधकांनी निराळी युक्ती प्रसिद्ध केली. इंग्रजी 'यू' आकाराच्या नळीच्या तळाशी त्यांनी सपाट विद्युदग्र बसविले. अनेक जातींच्या जीवाणूंचे मिश्रण इतके विरल केले, की नळीत मोजकेच जीवाणू पडावेत. ते खाली विद्युदग्रावर बसतात. त्याला इलेक्ट्रॉन देणारे जीवाणू तेथे वाढतात आणि तारेतून विद्युत्‌प्रवाह वाहू लागतो. प्रवाह मिळाला, की त्या नळीतले जीवाणू पुन्हा विरल करावयाचे.

असे करता करता एकच जात उरली. तिचे तेव्हाचे नाव ऑक्रोबॅक्ट्रम अँथ्रोपी. ॲसिटेट हे अन्न देताच तिच्यापासून विद्युदग्राच्या दर चौरस मीटरला ८९ मिलिवॉट शक्ती मिळाली. लोहाच्या ऑक्साइडला मात्र ती इलेक्ट्रॉन देईना!

म्हणजे जुन्या चाळणीतून ती निसटलीच असती. वीज देणारा जीवाणू हवा, तर परीक्षाही विजेचीच घ्यावयास हवी.