सौदा पुण्यात, चढण वेल्ह्यात

भोर-वेल्ह्याकडच्या माणसाने जुनी सेडान घ्यायची ठरवली की पहिला फेरा पुण्यालाच होतो. दहा-बारा वर्षांची डिझायर, सिटी, व्हर्ना किंवा इंडिगो साधारण दीड ते अडीच लाखांत दाखवली जाते. सोबत नेलेला मेकॅनिक बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, कात्रजपर्यंत एक चक्कर होते आणि ‘गाडी ओके आहे’ असा निकाल लागतो. माझा आक्षेप या निकालावर आहे. तो खोटा नसतो, पण शहरातल्या रस्त्यापुरताच असतो. जुन्या गाडीत पुढे काय बिघडणार हे तिच्या वयावर जितके अवलंबून असते, त्याहून जास्त ती यापुढे कुठे चालणार यावर असते. पाबे घाटाची चढण, वरंधा, केळदकडचा रस्ता किंवा भाटघरच्या पाण्याकडेने भुतोंड्याला जाणारी वाट त्या चकरेत येत नाही.

सेडानचे पोट जमिनीपासून १६० ते १७० मिलिमीटरच उंच असते, आणि तेही गाडी रिकामी असताना. डिकी मोठी म्हणून ती भरली जाते. भात निघाल्यावर पुण्यातल्या घरांसाठी तांदळाची पोती त्यातूनच जातात. मागे माणसे बसली, डिकीत दोन-तीन पोती पडली की जुने शॉकअप आणि स्प्रिंगा दबतात. मग पावसाने उखडलेल्या रस्त्यावर दगड थेट चेंबरला लागतो. चेंबरला बारीक चीर गेली तर ऑइल थेंबथेंब गळते, आणि दिवा लागेपर्यंत अनेकदा उशीर झालेला असतो. ऑइलचा दिवा लागला की गाडी तिथेच बंद करावी. ‘नसरापूरपर्यंत तर जाईल’ या हिशेबात इंजिन बसते. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड आणि बॉल जॉइंट ही खड्ड्यांची नेहमीची गिऱ्हाइके. त्यांचा खडखडाट शहरात ऐकू येत नाही, इथे पहिल्याच पावसाळ्यात येतो.

घाटाचे दुखणे वेगळे. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी लावून, भरलेली गाडी चढत असताना इंजिनावर ताण पूर्ण असतो आणि समोरून वारा जवळजवळ नसतो. अर्धवट तुंबलेला रेडिएटर, अडकणारा थर्मोस्टॅट किंवा थकलेला पंखा हायवेवर निभावून जातो, चढणीवर जात नाही. काटा वर गेल्यावरही गाडी रेटली तर हेड गॅस्केट उडते, अ‍ॅल्युमिनियमचे हेड वाकते, आणि हजार-दोन हजारांच्या थर्मोस्टॅटचे काम वीस-पंचवीस हजारांवर जाते. उतारावर पाळी ब्रेकची. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल लांब उतारावर तापून त्यात वाफ धरली की पेडल खाली जाते. ते बदलण्याचा खर्च हजाराच्या आसपास असतो, आणि तरी जुन्या गाडीत सर्वात जास्त दुर्लक्षिलेली गोष्ट हीच. चढणीवर अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवायची सवय असेल तर क्लचप्लेटही लवकर बदलावी लागते.

आता आकडे मांडतो. ते ढोबळ आहेत, मॉडेलप्रमाणे बदलतील. क्लच सेट मजुरीसह आठ ते चौदा हजार, पुढचे सस्पेन्शन आणि शॉकअप पंधरा ते पंचवीस हजार, चार टायर सोळा ते वीस हजार, बॅटरी पाच हजार. एसीचा कॉम्प्रेसर गेला तर आणखी बारा ते वीस हजार. डिझेल असेल तर टर्बो आणि इंजेक्टर ही खरी भीती. दोन्ही एकदम निघाले तर खर्च पन्नास हजारांच्या पुढे सहज जातो. म्हणून माझा नियम असा, की दोन लाख हातात असतील तर दीड लाखाची गाडी पाहावी. उरलेले पन्नास हजार पहिल्या वर्षाचे समजावेत. गाडी पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावर असेल तर पुन्हा नोंदणीचा खर्चही धरावा: १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि पर्यावरण कर वेगळा.

यावर कुणी म्हणेल, आमची गाडी महिन्यातून दोनदाच निघते, झिजणार कशी? उभी गाडीही बिघडते, फक्त वेगळ्या तऱ्हेने. बॅटरी उतरते, ब्रेक डिस्कवर गंज धरतो, रबराची सीले वाळतात. आणि भाताच्या दिवसांत उंदीर! बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते आणि वायरिंगही. कुरतडलेली एक वायर शोधायला स्कॅनर लागतो, आणि तो दूर असला तर गाडी टोचन करून न्यावी लागते. दुरुस्तीच्या बिलात न दिसणारा हा खर्च पुण्यातल्या माणसाला कधी कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: त्याच पैशात मोठ्या कंपनीची, भक्कम पत्र्याची सेडान मिळते, मग डिझायरच का? मिळते हे खरे, आणि ती स्वस्त का मिळते तेही पाहावे. शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. फियाट लिनिया तर आपल्याच जिल्ह्यात, रांजणगावला बनत होती. गंमत म्हणजे तिचे १.३ लिटर डिझेल इंजिन आणि डिझायर, इंडिगो मांझा यांचे इंजिन मुळात एकच. त्यामुळे इंजिनाचे सामान मिळते, पण दाराचे हँडल, हेडलाइट किंवा स्टिअरिंगचा एखादा भाग भंगार बाजारात शोधावा लागतो. ज्या गाडीचा लोअर आर्म भोरमध्ये सकाळी सांगून संध्याकाळी येतो, ती इथे भक्कम गाडी.

कागद आणि गाडी पाहताना दोन गोष्टींत घाई नको. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आल्याने त्या इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या राज्याची एनओसी असली तर महाराष्ट्रातला रोड टॅक्स कोण भरणार हे आधी लिहून घ्यावे. आणि जुलै २०२१ च्या पुरात महाड, चिपळूणला गाड्या बुडाल्या, हे लक्षात ठेवून कार्पेट उचलून खालचा पत्रा आणि सीटचे नटबोल्ट गंजलेत का पाहावे.

बोलेरो का नको, हा प्रश्न उरतोच. जुन्या बोलेरोची किंमत उतरत नाही, म्हणून माणूस सेडानकडे वळतो, हे मला मान्य आहे. तेव्हा कपूरहोळ, नसरापूर, किकवीसारख्या हायवेलगतच्या गावात, रोज पुण्याला जाणाऱ्याने सेडान जरूर घ्यावी. आरामात ती त्या पैशात अव्वल ठरते. हिर्डोशी खोऱ्यात किंवा केळदकडे घर असेल तर सौद्याआधी मालकाला चार माणसे बसवून खानापूरमार्गे पाबे घाटावर गाडी आणायला सांगावे. तो तयार होत नसेल तर तिथेच उत्तर मिळाले.