स्थौल्यचिकित्सा आणि रुग्णाची स्वदेहाविषयीची दृष्टी

स्थौल्यावर आपल्या वैद्यवर्गात विपुल लेखन झाले आहे. लेखनीय द्रव्ये, गुग्गुळ कल्प, उद्वर्तन, लेखन बस्ती यांविषयी प्रत्येकाचा काही ना काही अनुभव असतो. तरीही व्यवहारात एक गोष्ट वारंवार आढळते. रुग्ण उत्साहाने येतो, पहिल्या महिन्यात दोन-तीन किलो वजन उतरते, मग एखादे लग्नकार्य किंवा दिवाळीचा फराळ आडवा येतो, पथ्य मोडते आणि रुग्ण येणेच थांबवितो. काही महिन्यांनी तो पुन्हा कोणाकडे तरी पोहोचतो तेव्हा वजन पूर्वीपेक्षा अधिक असते. मधल्या काळात का आला नाहीत, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते : ‘डॉक्टर, तुम्हांला तोंड दाखवायची लाज वाटली.’ या लाजेची दखल चिकित्सेत घ्यावयाची की नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ती घेतली पाहिजे आणि त्यास शास्त्राधार आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

‘निंदित’ या शब्दाचा आशय

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय ‘अष्टौनिंदितीय’ या नावाने परिचित आहे. अतिदीर्घ, अतिऱ्हस्व, अतिलोम, अलोम, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश अशा आठ शरीरांचा त्यात निर्देश आहे. या यादीवरून स्थूल व्यक्ती निंदेस पात्र आहे असा समज होण्याचा संभव आहे. परंतु अध्यायाची रचना पाहावी. आठांपैकी स्थूल आणि कृश या दोघांचेच सविस्तर विवेचन आचार्य करतात, कारण या दोघांना व्याधी सतत जडलेले असतात आणि म्हणून त्यांची सतत शुश्रूषा करावयाची असते. दोष सांगितला तो उपचारासाठी. त्यात रुग्णाचा उपहास कोठेही नाही.

हेतूंची यादीही लक्षपूर्वक वाचावी. अतिसंतर्पण, गुरु-मधुर-शीत-स्निग्ध आहार, अव्यायाम, दिवास्वाप यांच्याबरोबरच ‘बीजस्वभाव’ हा हेतू आचार्यांनी स्पष्ट सांगितला आहे. म्हणजे स्थौल्याचा काही अंश रुग्ण जन्मतःच घेऊन येतो. शिवाय कफप्रकृतीच्या व्यक्तीचे शरीर मुळातच भरलेले व स्थिर असते. ती तिची प्रकृती आहे, व्याधी नव्हे. विमानस्थानात तर केवळ शरीराचा आकार पाहून बलाचा निर्णय करू नये असा वैद्याला इशारा दिला असून, लहान देहाने मोठा भार वाहणाऱ्या मुंगीचा दृष्टान्त दिला आहे.

ज्याचे मांस सम प्रमाणात आहे अशा प्रशस्त पुरुषाचे वर्णन करतानाही आचार्य त्याचे रूप वर्णन करीत नाहीत. त्याची इंद्रिये दृढ असतात, तो भूक, तहान, ऊन, थंडी व व्यायाम सहन करतो, त्याचा अग्नी सम असतो, असे ते सांगतात. आदर्श शरीराचे हे लक्षण क्षमतेचे आहे. रुग्णाच्या मनात मात्र चित्रपटातील एखादी कंबर किंवा लग्नाआधीचे छायाचित्र असते. ते चित्र बाजूला सारून क्षमतेचे चित्र समोर ठेवणे ही चिकित्सेची पहिली पायरी होय.

भूक ही संप्राप्तीचा भाग

‘तोंडावर ताबाच नाही माझा,’ हे वाक्य आपण रोज ऐकतो. शास्त्राची दृष्टी निराळी आहे. मेदाने स्रोतोरोध झाल्यावर वायू कोष्ठात विशेषत्वाने संचार करतो, अग्नीला प्रदीप्त करतो आणि त्यामुळे आहार शीघ्र जिरून पुन्हा अन्नाची आकांक्षा उत्पन्न होते. अतिक्षुधा व अतिपिपासा ही अतिस्थूलाच्या आठ दोषांपैकीच दोन आहेत. जेवणाची वेळ टळली तर अशा रुग्णास दारुण विकार होतात, असेही सांगितले आहे. तेव्हा भूक हे या व्याधीचे लक्षण आहे. त्यावरून रुग्णाच्या चारित्र्याची परीक्षा करू नये.

म्हणूनच गुरु आणि अपतर्पण असा आहार हे चिकित्सासूत्र आहे. पोट भरेल, पचनास वेळ लागेल, परंतु संतर्पण होणार नाही, असे अन्न द्यावयाचे. जव, ज्वारी, वरी, कोद्रा, मूग, कुळीथ, तूर, पडवळ, आवळा ही त्या अध्यायाशी जुळणारी आणि आपल्या स्वयंपाकघरात चालणारी द्रव्ये आहेत. रुग्णाला उपाशी ठेवणारी चिकित्सा या सूत्राच्या विरुद्ध जाते. दोन दिवस उपास आणि तिसऱ्या दिवशी ताटभर साबुदाण्याची खिचडी, हे चक्र त्यातूनच सुरू होते.

चिंतन आणि अतिचिंतन

येथे एक शंका घेतली जाईल. हर्षनित्यत्व आणि अचिंतन हे स्थौल्याचे हेतू आहेत आणि चिंतन हा उपचार म्हणून सांगितला आहे. मग रुग्णाला वजनाची थोडी धास्ती वाटली तर ती हितकरच नव्हे काय? शंका रास्त आहे, परंतु तिचे निरसन संहितेतच मिळते.

उपचार म्हणून सांगितलेले चिंतन हे प्रजागर, व्यायाम यांच्या सोबत, आणि तेही क्रमाक्रमाने वाढवावयाचे आहे. निष्क्रिय मनाला काम देणे असा त्याचा अर्थ घेणे योग्य ठरते. अतिचिंतन मात्र विमानस्थानात रसवह स्रोतसांच्या दुष्टीच्या हेतूंमध्ये सांगितले आहे आणि सुश्रुताचार्यांनी स्थौल्य व कार्श्य ही दोन्ही रसनिमित्त मानली आहेत. या दोन विधानांची संगती लावली तर अतिचिंतनाने स्थौल्याच्या मुळावरच आघात होऊन व्याधी बळावतो, असे अनुमान निघते. त्याच स्थानात असेही सांगितले आहे की पथ्यकर अन्न योग्य मात्रेत घेतले तरी चिंता, शोक, भय, क्रोध यांनी ग्रासलेल्या मनुष्यास ते पचत नाही. पथ्याची भाकरी डोळ्यांत पाणी आणून खाल्ली तर ते पथ्य राहत नाही. आणि अग्र्य भावांच्या गणनेत रोग वाढविणाऱ्यांमध्ये श्रेष्ठ कोण, तर विषाद. लाज, स्वतःविषयीची घृणा, ‘माझ्याने होणारच नाही’ ही भावना, ही सारी विषादाचीच रूपे होत.

आधुनिक निरीक्षणे

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये आत्मकरुणेची तीन अंगे मांडली : स्वतःशी मायेने वागणे, आपली उणीव ही सर्व मानवांच्या उणिवांसारखीच आहे हे ओळखणे, आणि दुःखाकडे ते न वाढविता व न दडपता सजगपणे पाहणे. क्लेअर अॅडम्स आणि मार्क लिअरी यांचा 2007 मधील प्रयोग आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. महाविद्यालयीन तरुणींना प्रथम डोनट हा तळलेला गोड पदार्थ खावयास दिला. त्यांपैकी काहींना, ‘असे पदार्थ सगळेच खातात, स्वतःवर फार कठोर होऊ नका,’ अशा आशयाचे दोन शब्द सांगितले. त्यानंतर सर्वांसमोर गोळ्या-चॉकलेटे ठेवण्यात आली. एरवी खाण्यावर कडक निर्बंध पाळणाऱ्या तरुणींपैकी ज्यांना हे शब्द ऐकविले होते, त्यांनी न ऐकविलेल्यांपेक्षा गोड कमी खाल्ले. मायेच्या शब्दांनी माणूस सैल सुटतो, हा आपला समज या प्रयोगात टिकला नाही.

2020 मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात स्थौल्याविषयीच्या कलंकासंबंधी आंतरराष्ट्रीय सहमतीचे निवेदन प्रसिद्ध झाले. अशा हेटाळणीने शारीरिक व मानसिक हानी होते आणि रुग्णांना योग्य उपचार मिळण्याची शक्यता घटते, असे त्यात नमूद आहे. ती हेटाळणी चिकित्सालयातूनही होते, हे आपण मान्य केले पाहिजे.

चिकित्सालयातील योजना

1) मापन : वजनाचा काटा प्रतीक्षागृहात नसावा. आकडा मोठ्याने उच्चारू नये. रुग्णाची संमती घेऊन एकांतात वजन व कंबरेचा घेर मोजावा. घरी रोज वजन करण्याऐवजी पंधरा दिवसांतून एकदा पुरे.

2) प्रगतीची नोंद : अतिस्थूलाचे आठ दोष हीच मोजपट्टी करावी. जिना चढताना दम किती लागतो, घाम व दुर्गंधी कमी झाली का, दोन जेवणांमधील भूक सोसते का, थकवा किती, हे प्रत्येक भेटीत लिहावे. पुष्कळदा वजन स्थिर असतानाही ही लक्षणे सुधारतात. ते रुग्णास दाखवून दिल्यास त्याचा धीर टिकतो.

3) पादांशिक क्रम : अहितकर सवय चतुर्थांशाने, मध्ये अवधी ठेवून सोडावी, हे तत्त्व सूत्रस्थानात आहे. चहात चार चमचे साखर घेणाऱ्यास प्रथम तीनवर आणावे, ती चव अंगवळणी पडू द्यावी, मग पुढची पायरी घ्यावी. एका दिवसात साखर, भात, तळण सर्व बंद करणारा रुग्ण फार दिवस टिकत नाही.

4) पथ्य मोडल्यावर काय करावे, हे आरंभीच सांगावे : पथ्य केव्हातरी मोडणारच. त्या वेळी रुग्णाने स्वतःला तीन गोष्टी सांगाव्यात. काय घडले (‘बारशाला दोन पुरणपोळ्या खाल्ल्या’), हे माझ्या एकट्याचेच नाही, आणि पुढचे जेवण नेहमीप्रमाणे. भरपाई म्हणून उपास किंवा विरेचन घेऊ नये, हे स्पष्ट बजावावे.

5) स्वतःकडे पाहून जेवणे : आहारविधीत शेवटी, स्वतःचा नीट विचार करून जेवावे, असा उपदेश आहे. घरातील स्त्री सर्वांचे झाल्यावर, भूक उलटून गेल्यावर, पातेल्यात उरलेले वाया जाऊ नये म्हणून खाते. तिला ‘कमी खा’ सांगण्यापेक्षा ‘आपले ताट आधी वाढून घ्या’ असे सांगावे. घरच्यांनाही हे समोर बसवून सांगावे.

6) देहाशी परिचय : स्नानापूर्वी पाच मिनिटे कुळथाच्या पिठाने किंवा त्रिफळा चूर्णाने स्वहस्ते उद्वर्तन करावयास सांगावे. ज्या शरीराकडे रुग्ण आरशातही पाहत नाही, त्याला यामुळे रोज ममतेचा स्पर्श घडतो. ‘बारीक झाले की नवे कपडे शिवीन’ असे म्हणणाऱ्यांना आजच्या मापाचे, सैल व नीटनेटके कपडे घालण्यास सांगावे. लोक काय म्हणतील म्हणून फिरावयास न जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे; अंगाला नीट बसणारे कपडे आणि सोबतीला एखादी मैत्रीण एवढ्याने त्यांचा व्यायाम सुरू होतो.

7) भाषा : ‘तुम्ही पथ्य पाळत नाही’ याऐवजी ‘कोणते पथ्य पाळणे जड गेले?’ असे विचारावे. पहिल्या वाक्याने रुग्ण खोटे बोलू लागतो, दुसऱ्याने तो माहिती देतो.

औषध विक्रेत्यांसाठी

‘बारीक होण्याचं काही आहे का?’ असे हळू आवाजात विचारणारे ग्राहक प्रत्येक दुकानात येतात. अन्य गिऱ्हाइकांसमोर ‘कोणासाठी, तुमच्यासाठी का ताई?’ असा उलट प्रश्न करू नये. त्यांना बाजूला घेऊन, वैद्यांचा सल्ला घेतला आहे का, थायरॉईडचा विकार, मधुमेह, गर्भावस्था वा अन्य औषधे चालू आहेत का, एवढे विचारावे. तीव्र रेचक चूर्णे वजन घटविण्यासाठी वारंवार नेणाऱ्यास तशीच देत राहू नये. उतरते ते पाणी व मल, मेद नव्हे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 च्या परिशिष्टात स्थौल्याचा समावेश आहे. तेव्हा ‘महिन्यात दहा किलो’ अशा जाहिरातींचे फलक लावणे कायद्याच्याही विरुद्ध आहे. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी चित्रेही त्याच विषादाला खतपाणी घालतात.

मर्यादा

आत्मकरुणा म्हणजे व्याधीकडे डोळेझाक नव्हे. भारतीयांसाठी 2009 च्या सहमतीनुसार बी. एम. आय. 25 किंवा अधिक असल्यास स्थौल्य समजतात. कंबरेचा घेर पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सें.मी. यापुढे धोका वाढतो. प्रमेह, रक्तदाब, संधिशूल यांचा विचार टाळता येत नाही. मात्र मूळ वजनाच्या 5 ते 10 टक्के घट झाली तरी रक्तशर्करा व रक्तदाब यांत लाभ दिसतो, ही वस्तुस्थिती रुग्णास सांगितली की त्याच्यासमोरचा डोंगर लहान होतो. जेवणानंतर मुद्दाम वमन करणे, विरेचकांचा वारंवार वापर, लपून अमर्याद खाणे, आहार तोडल्याने आर्तव बंद होणे, जगणे नकोसे वाटणे यांपैकी काही आढळल्यास वजनाची चिकित्सा थांबवून मानसरोगतज्ज्ञांचे साहाय्य विनाविलंब घ्यावे.

समारोप

वैद्याच्या चतुर्विध वृत्तीत सर्वांविषयी मैत्री आणि आर्तांविषयी कारुण्य यांना प्रथम स्थान आहे. स्थूल रुग्ण घरी, लग्नात, बसमध्ये, सगळीकडे टोमणे ऐकून आपल्याकडे येतो. त्याच शब्दांची पुनरावृत्ती आपल्याकडून झाली तर तो औषध घेईल, परंतु परत येणार नाही. आणि सतत उपचार हेच ज्याचे सूत्र आहे, त्या व्याधीत परत न येणे म्हणजे चिकित्सेचा भंग. आपण त्याच्याशी ज्या करुणेने वागू, तीच तो हळूहळू स्वतःशी वागताना वापरू लागतो. सत्त्वावजयाचा हा सर्वांत साधा आणि विनाखर्चाचा प्रयोग आहे. वैद्यबंधू-भगिनींनी वरील योजनेतील एखादा तरी भाग पुढील तीन महिने आपल्या रुग्णांत अवलंबून पाहावा आणि किती रुग्ण परत आले, याची नोंद ठेवावी, ही विनंती.