उशीर झाला म्हणून काय झाले?

(सैन्यात काम करावे, असे अनेकांना वाटते. पण तेथे वय, शिक्षण अशा अटी असतात. झरी गावातील एक मुलगी या पाठात आपल्या खालाची गोष्ट सांगत आहे. अट आडवी आली तर काय करावे, ते या पाठात वाचा.)

परभणीहून जिंतूरकडे जाताना आमचे झरी गाव लागते. माझी खाला रोज सकाळी एस.टी.ने परभणीला जात असे. तेथील एका दवाखान्यात ती परिचारिका होती. नाना वारले तेव्हा घरात पैसा नव्हता. म्हणून खालाने नर्सिंगची पदवी न घेता पदविका घेतली आणि लगेच नोकरी धरली.

डिसेंबर २०२३ मधली गोष्ट. खाला एक जाहिरात घेऊन घरी आली. ती लष्करी परिचर्या सेवेची होती. आजारी व जखमी सैनिकांची शुश्रूषा करणाऱ्या या सेवेची सुरुवात भारतात १८८८ साली झाली. या सेवेतील परिचारिका लष्करी अधिकारी असतात. त्यांचा पहिला हुद्दा लेफ्टनंटचा असतो.

खालाचे डोळे चमकले. पण अटी वाचून ती गप्प झाली. पदविका चालणार नव्हती, पदवी हवी होती. वयाची अट २१ ते ३५ वर्षे होती. खालाला बत्तिसावे वर्ष लागले होते.

"आता उशीर झाला," ती म्हणाली आणि तिने कागदाची घडी करून ठेवली.

मी हे मराठीच्या बाईंना सांगितले. रविवारी बाई आमच्या घरी आल्या. चहा पिता पिता त्यांनी एक गोष्ट सांगितली.

"सातारा जिल्ह्यातील कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमध्ये कुपवाडा येथे दहशतवाद्यांशी लढताना शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक शिक्षिका होत्या. मुले लहान होती. तरी आपणही सैन्यात जायचे, असे त्यांनी ठरवले. पण त्यांचे वय पस्तिशीच्या पुढे गेले होते. शहीद जवानांच्या पत्नींसाठी असलेली वयाची सवलतही संपली होती. त्यांनी विनंती केली आणि सरकारने वयाची अट शिथिल केली. मात्र परीक्षा कोणी शिथिल केली नाही. त्यांनी निवड मंडळाची परीक्षा दिली. मग चेन्नईच्या अकादमीत आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलींबरोबर खडतर प्रशिक्षण घेतले. ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या."

खाला म्हणाली, "बाई, त्यांना सवलत मिळाली. मला कोण देणार?"

"खरे आहे," बाई म्हणाल्या. "ती सवलत सर्वांना मिळत नाही. पण तुम्हाला सवलत हवीच कशाला? पदविका असलेल्यांसाठी दोन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. तो पूर्ण करूनही तुम्ही पस्तिशीच्या आत असाल. जाहिरात पुन्हा केव्हा निघेल, ते मी सांगू शकत नाही. पण पदवी वाया जाणार नाही."

फेब्रुवारी २०२४ मध्ये बाईंनी वर्गात एक बातमी वाचून दाखवली. सेलिना जॉन या लष्करी परिचारिकेला १९८८ मध्ये सेवेतून काढले होते. कारण काय, तर तिने लग्न केले! तो नियम १९९५ मध्ये रद्द झाला. सेलिना मात्र न्यायासाठी लढत राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवला आणि त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

बाई म्हणाल्या, "मुलांनो, काही अटी आपण कष्टाने पूर्ण करू शकतो. काही अटींत सवलत मागता येते. आणि काही अटी अन्यायाच्या असतात, त्यांच्याविरुद्ध लढावे लागते. आपल्यासमोर कोणती अट आहे, हे आधी ओळखा."

मी घरी येऊन ते खालाला सांगितले. ती काही बोलली नाही. पण रात्री तिने अम्मीसमोर बँकेचे पुस्तक ठेवले. नोकरी सोडली तर घर कसे चालेल, या काळजीने अम्मीला झोप आली नाही. सकाळी मात्र तीच म्हणाली, "तू शीक. दोन वर्षे आपण कशीही काढू."

त्याच वर्षी खालाने पदवीसाठी प्रवेश घेतला. ती पुन्हा सकाळच्या एस.टी.ने जाऊ लागली. आता तिच्या हातात डब्याबरोबर वहीही असे. आणि त्या वहीत घडी केलेली जुनी जाहिरात असे.

शब्दार्थ
परिचारिका – नर्स
शुश्रूषा – आजारी माणसाची सेवा
हुद्दा – पद, दर्जा
शिथिल करणे – सैल करणे, सूट देणे
खडतर – कठीण

स्वाध्याय
१. खालाने पदवीऐवजी पदविका का घेतली?
२. स्वाती महाडिक यांना कोणती सवलत मिळाली? कोणती मिळाली नाही?
३. बाईंनी सांगितलेले अटींचे तीन प्रकार लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : डोळे चमकणे, वाया जाणे.
५. अम्मीच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? पाच-सहा वाक्यांत लिहा.