बैठकीत एकाच ताईंचा आवाज

प्रश्न : आमच्या बचत गटात एक ताई सगळ्यांचं बोलणं मध्येच तोडतात. कर्ज कुणाला द्यायचं, तेही त्याच ठरवतात. भांडण न करता काय करू? (एक सदस्य, अणदूर)

उत्तर : ताई, हे मुकाट्याने सोसू नका. अंतर्गत कर्जाचा पैसा तुम्हा सगळ्यांच्या बचतीचा आहे. त्यावर एकटीने निर्णय घेणं चूकच. बैठकीआधी दोघी-तिघींशी बोलून एकच मागणी ठेवा : प्रत्येक कर्जमागणीवर प्रत्येकीने आळीपाळीने बोलायचं, मगच निर्णय. मध्ये तोडलं, तर आवाज न चढवता म्हणा, "ताई, माझं पुरं होऊ द्या, मग तुमचं ऐकते." दर वेळी हेच म्हणा. निर्णय तिथेच वहीत लिहा, मोठ्याने वाचा, मग सह्या. तुमच्या खंडोबाचा मुक्काम अणदूरहून नळदुर्गला हलतो, तेव्हा दोन्ही गावांत लेखी करार होतोच ना!

बँकेची सगळी धावपळ त्या एकट्या ताईंवर पडली असेल, तर तीही वाटून घ्या. अरेरावीमागे पुष्कळदा हा थकवा असतो. तरीही अडलं, तर पदाधिकारी बदलण्याचा विषय मांडा आणि त्या दिवशी ग्रामसंघाच्या ताईंना बोलावून घ्या.