कमरेच्या पिस्तुलाविषयी भाच्याला पत्र

पारनाका, वसई
१२ जून २०२५

चि. हर्षद,

तुझा मेसेज वाचला. त्याचं उत्तर फोनवर टाइप करून भागणारं नाही, म्हणून कागद घेतला. जानेवारीत आपल्या वसईत सराफाच्या दुकानात पिस्तुलाचा धाक दाखवून लूट झाली, तेव्हापासून तुझ्या आईच्या डोळ्याला डोळा नाही हे मला ठाऊक आहे. तू झवेरी बाजारातून माल घेऊन लोकलने येतोस, हॉलमार्क सक्तीचा झाल्यापासून दागिने घेऊन सेंटरच्या खेपा घालतोस, रात्री शटर ओढून मनवेलपाड्याला एकटा चालत जातोस. तुझी भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. १९८९ साली नालासोपारा स्टेशनात बिल्डर सुरेश दुबे यांना गोळ्या घालून मारलं, त्या काळातला माणूस आहे मी.

पण ‘मामा, शर्टाखाली दिसणार नाही असं लहानात लहान पिस्तूल कोणतं?’ हा प्रश्न तू उलट्या टोकाने विचारला आहेस. पोलिसांच्या शस्त्रागारात आर्मरर म्हणून माझी नोकरी झाली. तिथे येणारं शस्त्र एक तर बिघडलेलं असायचं, नाही तर कुणाच्या तरी हातून काहीतरी बिघडवून आलेलं असायचं. त्यामुळे माझं मत थोडं कडू लागेल.

आधी कायद्याचं बघ, कारण निवड तिथेच निम्मी होऊन जाते. सिनेमात दिसतं ते ९ एमएम तुला मिळणार नाही. तो बोअर, म्हणजे नळीचं ते माप, फौजेचा आणि पोलिसांचा, सामान्य माणसाला निषिद्ध. परवान्यावर मिळतं ते एनपीबी, म्हणजे निषिद्ध नसलेल्या बोअरचं. कमरेला लावायच्या शस्त्रात त्याचा अर्थ मुख्यतः .३२ आणि .२२, आणि क्वचित कुठे जुनं .२५ हाताला लागतं. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य परवानाधारकांसाठी ऐंशीच्या दशकातच बंद झाली. म्हणून आजोबांच्या काळातलं वेब्ली किंवा वॉल्थर आज लाखांच्या भावाने हात बदलतं आणि विकणारा त्याची कहाणी रंगवून सांगतो. कहाणीचे पैसे देऊ नकोस. एवढ्या जुन्या शस्त्रातल्या स्प्रिंगा थकलेल्या असतात आणि सुटा भाग मिळत नाही, तो कुणीतरी कानशीने घासून बसवलेला असतो.

देशी मालात .३२ चं अशनी पिस्तूल आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरचं ‘निर्भीक’ आहे. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर, २०१४ मध्ये, ते महिलांसाठी म्हणून बाजारात आणलं. वजन अर्ध्या किलोच्या आसपास आणि किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. स्वसंरक्षणासाठी घ्यायचं शस्त्र सामान्य नोकरदार बाईच्या वर्षभराच्या पगाराइतकं महाग ठेवून त्याला तिचं नाव द्यायचं, हे मला तेव्हाही खटकलं होतं. ‘निडर’ .२२ चं, जेमतेम अडीचशे ग्रॅमचं. २०२३ मध्ये कानपूरच्याच सरकारी कंपनीने .३२ चं ‘प्रबल’ आणलं. तुझा डोळा निडरवर असणार. वजन वाचूनच तू खूश झाला असशील.

इथे माझं पहिलं सांगणं ऐक. लहान शस्त्र लपवायला सोपं, चालवायला अवघड. नळी आखूड म्हणजे पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर कमी, आणि हाताची केसभर चूक दहा पावलांवर हातभर होते. मूठ आखूड म्हणजे करंगळी हवेत. वजन कमी म्हणजे तोच धक्का मनगटाला जास्त. छोट्या .३२ पिस्तुलात स्लाइड बहुधा निव्वळ स्प्रिंगच्या आणि स्वतःच्या वजनाच्या जोरावर आवरलेली असते, म्हणून ती स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. घामेजल्या बोटांनी ती मागे ओढून बघ, मग सांग. .२२ म्हटलं की तुला आपल्या कोल्हापूरची राही सरनोबत आठवेल. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने २५ मीटरच्या पिस्तुलात सुवर्णपदक घेतलं, तेही .२२ च. पण ते लांब नळीचं, हाताच्या मापाने घडवलेल्या मुठीचं स्पर्धेचं पिस्तूल, आणि त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव. तेवढ्याच बोअरचं तळहाताएवढं शस्त्र आणि अंधारी गल्ली, हा निराळा मामला आहे. शिवाय .२२ च्या काडतुसात पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, त्यामुळे ते न पेटण्याचं प्रमाण मधल्या टोपीच्या काडतुसापेक्षा जास्त.

आणि बोअर लहान म्हणून इजा लहान, असंही समजू नकोस. दुकानात बसून हा गैरसमज पसरवणारे खूप आहेत. १९९९ मध्ये दिल्लीत जेसिका लालला लागलेली गोळी .२२ ची होती. २२ एप्रिल २००६ ला वरळीच्या घरात प्रवीण महाजनांनी भाऊ प्रमोद महाजनांवर झाडलेलं पिस्तूल .३२ चं ब्राउनिंग, परवान्याचं, खिशात मावेल असं. तू मागतो आहेस अगदी त्याच जातीचं. तीन गोळ्या लागल्या. हिंदुजा रुग्णालयात देशातले नामांकित डॉक्टर उशाशी होते, तरी ३ मे रोजी ते गेले. धावून येणाऱ्याला ही गोळी जागच्या जागी थांबवेलच असं नाही, पण जीव मात्र घेते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि पिस्तूल घेणाऱ्याने दोन्ही लक्षात ठेवाव्या लागतात.

आता पिस्तूल की रिव्हॉल्व्हर. पिस्तूल चपटं, शर्टाखाली दिसत नाही. रिव्हॉल्व्हरची चक्री बरगडीखाली टोचते, गादीवर मांडी घालून बसलास की जास्तच. तरीही तुझ्यासारख्या माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सांगेन. पिस्तुलाचे सगळ्यात जास्त अपघात एका वाक्याने होतात, ‘मॅगझिन काढलंय, रिकामं आहे.’ मॅगझिन बाहेर असतं आणि चेंबरमध्ये एक गोळी शिल्लक असते. कसलेल्या शिपायांकडूनही हे झालेलं मी पाहिलं आहे. रिव्हॉल्व्हरची चक्री बाहेर काढली की सहाच्या सहा घरं डोळ्यांना दिसतात. काडतूस पेटलं नाही तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तीच वेळ आली तर स्लाइड ओढून अडकलेलं काडतूस बाहेर फेकावं लागतं, आणि भेदरलेल्या माणसाला दोन हातांचं काम आठवत नाही. आणखी एक, .३२ लिहिलं म्हणजे काडतूस एकच असं नाही. रिव्हॉल्व्हरचं लांब असतं, पिस्तुलाचं आखूड. एकाचं दुसऱ्याला चालवायचं नाही. बुडाला ‘केएफ’ असा ठसा दिसेल. ती आपली पुण्याची खडकी फॅक्टरी. काडतुसं बाथरूमच्या वरच्या फळीवर किंवा देवघराच्या मागे ठेवू नकोस. वसईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस कशालाही सोडत नाही. शस्त्रही चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवायचं नाही. चामडं ओल धरतं आणि आठवड्यात नळीवर तांबडे ठिपके उठतात. कमरेचा घाम तर त्याहून वाईट. रोज रात्री पुसून तेलाचा हात फिरवावा लागतो. याचा ज्याला कंटाळा, त्याने परवान्याचा अर्जच करू नये.

जुन्या रिव्हॉल्व्हरची एक गोष्ट सिनेमातल्या गोविंदाच्या निमित्ताने सांगतो. विरारचा छोकरा म्हणून आपण सगळे त्याला आपला मानतो. गेल्या १ ऑक्टोबरला पहाटे तो कोलकात्याला निघाला होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते खाली पडलं आणि गोळी सुटून डाव्या पायात, गुडघ्याखाली लागली. जुन्या बनावटीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरात घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला असतो; खाली पडून मागून ठोसा बसला की पुरे. नव्या बनावटीत घोडा आणि टोपी यांच्यामध्ये आड येणारा भाग असतो, चाप पूर्ण ओढल्याशिवाय तो हलत नाही. घेताना हे आधी विचार, रंग आणि मूठ मागाहून. ज्यात तो आडभाग नाही असं शस्त्र घेऊच नको. वारशाने गळ्यात आलंच तर घोड्याखालचं घर कायम रिकामं ठेव, सहाऐवजी पाचच गोळ्या भर.

लपवून बाळगण्याचं म्हणशील तर २०१६ च्या शस्त्र नियमांत हे चक्क बंधन आहे. सार्वजनिक जागी हातशस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुझ्या ताब्यात असलं पाहिजे. आता विरार लोकलचा विचार कर. संध्याकाळी अंधेरीला चढलास, वरची कडी धरायला हात उचललास, शर्ट कमरेवरून वर सरकला. डब्यातल्या पन्नास जणांना कळलं. त्यातल्या एकाला ते हवं असलं तर? त्या गर्दीत पाकीट कधी गेलं ते बोरिवली सुटल्यावर कळतं. बॅगेत ठेवलंस तर बॅग रॅकवर टाकता येणार नाही. आणि किल्ल्या-सुट्ट्या पैशांच्या खिशात नुसतं सोडलंस तर एखादी किल्ली चापाच्या कड्यात शिरायला वेळ लागत नाही. होल्स्टर असा हवा की चाप पूर्ण झाकला जाईल आणि एका हाताने शस्त्र परत आत घालता येईल. लोक शस्त्रावर लाख घालतात आणि होल्स्टर फुटपाथवरचा घेतात.

घरी आल्यावर काय? तुझी लेक चार वर्षांची आहे. शस्त्र दुसऱ्याच्या हाती लागलं की काय होतं ते बघ. गेल्या वर्षी फेब्रुवारीत दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला. मारणाऱ्या मॉरिस नोरोन्हाने स्वतःलाही संपवलं. पिस्तूल त्याचं नव्हतंच. परवाना त्याच्या अंगरक्षकाचा होता आणि शस्त्र मॉरिसच्या ऑफिसात ठेवलेलं होतं. दोन जीव गेले आणि परवानाधारक अटकेत गेला. परवाना तुझ्या नावाचा म्हणजे किल्ली तुझ्याच खिशात. बायकोकडे नाही, दुकानातल्या पोराकडे तर नाहीच नाही.

अर्जाची वाट सांगतो. १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय झालं, तेव्हापासून आपल्या भागाचा परवाना आयुक्तांकडून. पूर्वीसारखं पालघरला कलेक्टर कचेरीत जायचं नाही. ए-१ नमुन्यात अर्ज, वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला, मग पोलीस ठाण्याकडून चौकशी. तुझ्या जिवाला नेमका धोका कुठून, हे तिथे विचारतील. ‘सराफ आहे’ एवढं उत्तर पुरत नाही. तक्रारी, धमक्यांची नोंद, मालाची ने-आण, असं काही कागदावर लागतं. मिळालाच तर परवाना पाच वर्षांचा. महापालिकेची निवडणूक लागली की आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करायचा हुकूम येऊ शकतो, म्हणजे नेमक्या गजबजलेल्या महिन्यात कंबर रिकामी. मध्यस्थाच्या नादी लागू नकोस. बिनपरवान्याचं ‘पटकन मिळतं’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्याशी चहासुद्धा घेऊ नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो गुन्हा किती वर्षं आत बसवतो हे वकिलाला विचार.

आणि परवाना हा गोळी झाडण्याचा परवाना नव्हे. न्याय संहितेने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, जबरी चोरीच्या वेळी तो बराच लांब जातो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही ही अट त्याला बांधलेली आहे. डबा घेऊन पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातलीस तर आरोपी तू. चुकलेली गोळी विरारच्या स्टेशन रोडवर कुठे जाऊन थांबेल, याचा विचार तर कायद्याच्याही आधी करायचा. समोरच्याचं पिस्तूल आधीच बाहेर असतं, तुझं शर्टाखाली. या हिशोबात लहान बोअर, मोठा बोअर याने काहीच फरक पडत नाही.

२०२१ च्या जुलैत विरार पूर्वेला बँकेत काय झालं ते आठव. संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर जुनाच मॅनेजर आत आला, हातात चाकू होता आणि एका कर्तबगार बाईचा जीव गेला. ओळखीच्या चेहऱ्यापुढे कमरेचं पिस्तूल काय करणार होतं? सराफाला धोका बहुतेक वेळा असाच येतो. माल कधी निघतो, कोण नेतो, हे माहीत असलेल्याकडून.

म्हणून तुझ्या जागी मी असतो तर आधी माल लोकलने आणणं बंद केलं असतं. ने-आण करणाऱ्या विमाधारक कंपनीला दिला असता, पेढीची ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी वाढवून घेतली असती, शटर ओढताना दोन माणसं ठेवली असती आणि घरी जायची वेळ व वाट बदलती ठेवली असती. या सगळ्याचा वर्षाचा खर्च काढ आणि शस्त्र, होल्स्टर, तिजोरी, काडतुसं आणि सराव यांच्या खर्चाशेजारी मांड. हिशोबात तू माझ्यापेक्षा पक्का आहेस.

एवढं करूनही मन मानत नसेल तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर चौकशी कर आणि आधी शिकायला लाग. पावसाळाभर शिक. दिवाळीपर्यंत तुला दर आठवड्याला जाणं जमलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर आयुक्तालयात येईन आणि .३२ चं, आडभाग असलेलं, तुझी पूर्ण मूठ मावेल असं रिव्हॉल्व्हर निवडून देईन, मग ते शर्टाखाली थोडं दिसेना का, सैल शर्ट शिवू. जमलं नाही, तर हा विषय पुन्हा माझ्याकडे काढू नको.

आईला नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
मामा